आनंदाकाकांच्या कानाचा साचा

मित्रांनो, मी एक जुना प्रिंटर आहे, पण कागदावर अक्षरं उमटवणारा नव्हे. मी वस्तू घडवायचो. लोअर परळच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये दुसऱ्या मजल्यावर सुचित्रा मॅडमचं क्लिनिक आहे. ज्यांना कमी ऐकू येतं त्यांना त्या श्रवणयंत्र बसवून देतात. क्लिनिकच्या मागच्या खोलीत, काचेच्या पार्टिशनला लागून माझं टेबल होतं. काचेतून मला पुढे बसलेली माणसं दिसत आणि त्यांचं बोलणंही ऐकू येई. तिथे मी सात वर्षं माणसांच्या कानांत बसणारे साचे बनवले.

माझ्या कामाच्या पद्धतीला स्टिरिओलिथोग्राफी असं जडजंबाल नाव आहे, पण काम समजायला सोपं आहे. माझ्या पोटात एक उथळ ट्रे असतो. त्यात मधासारखं दाटसर रेझिन ओततात. ट्रेचा तळ पारदर्शक असतो आणि त्याच्या खाली माझा दिवा. वरून धातूची एक पट्टी रेझिनमध्ये उतरते आणि तळापासून केसाच्या जाडीहूनही कमी अंतर ठेवून थांबते. मग खालून दिवा एक आकार रेखाटतो. जिथे उजेड पडतो तिथलं रेझिन घट्ट होतं, बाकीचं पातळच राहतं. पट्टी वर जाते, पुन्हा खाली येते, पहिल्या थरावर दुसरा थर धरतो. असे चारशे-पाचशे थर झाले की पट्टीला उलटा लटकलेला कानाचा साचा तयार होतो. दोन माणसांचे कान कधी सारखे नसतात. मी बनवलेला प्रत्येक साचा जगात एकाच कानात बसायचा, याचा मला फार अभिमान होता.

पण माझ्या पोटातून बाहेर आलेला साचा कच्चा असतो. तो स्पिरिटमध्ये धुवावा लागतो, घासावा लागतो आणि मग उजेडाच्या पेटीत अर्धा तास ठेवून पक्का करावा लागतो. कच्चं रेझिन कातडीला लागलं तर खाज सुटते, चट्टे उठतात.

हे सगळं नम्रता करायची. ती डिलाईल रोडला राहायची. तिचे आजोबा गिरणीत सूत कातणाऱ्या रिंग खात्यात होते. ती रोज सकाळी आल्यावर आधी रेझिन गाळून घ्यायची, ट्रेचा तळ मऊ कापडाने पुसायची आणि मगच मला चालू करायची. मॅडम कधी म्हणायच्या, "नम्रता, किती वेळ पुसतेस गं?" ती म्हणायची, "मॅडम, कानात जाणारी वस्तू आहे."

माझ्या दुसऱ्या वर्षी करी रोडच्या, चाळ पाडून बांधलेल्या एका टॉवरातून आनंदाकाका आणि सुभद्राकाकू आले. काका सत्तरीकडे झुकलेले, ताठ चालणारे. गिरणीत कापड विणणाऱ्या मागाला साचा म्हणत, आणि काकांनी बावीस वर्षं साचे चालवले होते. त्या खडखडाटात त्यांचे कान गेले. घर मूळचं मालवणकडचं, त्यामुळे काकूंची बोली तीच.

"घरात ताट आपटलं तरच माझ्याकडे बघतत," काकू मॅडमना म्हणाल्या. "आमचां बोलणां म्हणजे नुसते हातवारे."

मॅडमनी काकांच्या कानाचा ठसा घेतला. नम्रताने तो संगणकावर चढवला आणि मी दीड तासात त्यांचा साचा बनवला. चार दिवसांनी तो श्रवणयंत्राला जोडून काकांच्या कानात बसवला.

"ऐकू येता?" काकूंनी विचारलं.

काका त्यांच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तुझो आवाज बदललो गो."

"बदलूक नाय," काकू म्हणाल्या, "म्हातारो झालो."

पुढच्या खोलीतली सगळी माणसं हसली. काकांनी साचा बोटाने चाचपला आणि म्हणाले, "एका साच्याने कान नेले, दुसऱ्याने परत दिले." मित्रांनो, त्या दिवशी माझ्या अंगात वीज जरा जास्तच जोराने वाहिली असेल.

त्यानंतर दर तीन महिन्यांनी दोघं साचा आणि यंत्र यांना जोडणारी नळी बदलायला येत. काकू नम्रतासाठी डब्यात घावणे आणत. काचेवर टकटक करून पहिला प्रश्न विचारत, "जेवलंस काय?" नम्रता जेवलेली असली तरी नाही म्हणायची. अशी तीन वर्षं गेली.

मग काकांना मोठा ताप आला. ते खूप वाळले. कानही वाळला असावा, कारण साचा ढिला झाला आणि यंत्र शिट्टी मारू लागलं. नवा साचा हवा होता. त्याच आठवड्यात एका ट्रस्टने शाळेतल्या मुलांसाठी शिबिर ठेवलं होतं. नव्वद मुलं, कुणाकुणाचे दोन्ही कान, आणि दहा दिवसांची मुदत. मुलांच्या शाळा अडल्या होत्या. काम चांगलंच होतं. पण मी सकाळपासून संध्याकाळपर्यंत थांबत नव्हतो आणि नम्रताची पाठ टेकत नव्हती.

मला आठवतं, तेव्हा तीन दिवस रेझिन गाळलं गेलं नव्हतं. माझ्या ट्रेच्या तळाशी घट्ट झालेल्या रेझिनचा एक तुकडा चिकटून बसला होता. काकांच्या साच्याचे थर लागत होते तेव्हा माझा उजेड त्या तुकड्यावर अडत होता, पसरत होता. मला ते जाणवत होतं, पण सांगायला मला तोंड नाही. साचा बाहेर आला तो एका बाजूने चिकट होता. नम्रताने तो हातात घेऊन पाहिला, हातमोज्याला लागलेला चिकटपणाही पाहिला. उजेडाच्या पेटीत मुलांचे साचे भरलेले होते. तिने कडेला जागा करून काकांचा साचा आठ मिनिटं ठेवला आणि काढला. संध्याकाळी काका नवा साचा घालून गेले. जुना कचऱ्याच्या डब्यात गेला.

मंगळवारी नम्रताच्या फोनवर काकूंचा निरोप आला, त्यांच्या आवाजात बोललेला. तिने हातमोजे न काढताच कोपराने बटण दाबून तो ऐकला. काकांचा कान लाल झाला होता, आग होत होती, त्यांनी यंत्र काढून ठेवलं होतं. मग एक हातमोजा काढून तिने उत्तर लिहिलं, "शुक्रवारी या काकू, शिबिराचं काम संपतंय." आणि ती पुन्हा माझ्याकडे वळली.

शुक्रवारी कुणी आलं नाही. सोमवारी मॅडमना फोन आला. फोन ठेवून त्या मागच्या खोलीत आल्या आणि खुर्चीवर बसल्या. "सुभद्राकाकू गेल्या," त्या म्हणाल्या. "गुरुवारी दुपारी मोरीत पडल्या. डोक्याला लागलं. काका बाहेरच्या खोलीत होते, त्यांना कळलंच नाही. डॉक्टर म्हणाले, तासभर आधी आणलं असतं तर काहीतरी करता आलं असतं."

नम्रताने माझं बटण बंद केलं. माझ्या पट्टीला सहा साचे अर्धवट लटकत होते.

तीन आठवड्यांनी आनंदाकाका एकटेच आले. दाढी वाढलेली होती. त्यांनी यंत्राची डबी मॅडमच्या टेबलावर ठेवली आणि मोठ्या आवाजात म्हणाले, "ह्यां तुमचां. माका आता नको."

नम्रता बाहेर आली. त्यांना ऐकू येत नव्हतं म्हणून तिने मॅडमच्या पॅडवर लिहिलं आणि कागद त्यांच्यापुढे सरकवला. लिहिताना ती मोठ्याने पुटपुटत होती, म्हणून मला कळलं. "काका, साचा कच्चा राहिला होता. मला माहीत होतं. घाईत दिला. काकूंनी निरोप पाठवला, तरी मी शुक्रवारवर ढकललं. चूक माझी आहे."

काकांनी चष्मा लावून कागद दोनदा वाचला. मग चष्मा काढला.

"मी पेपर वाचित होतो," ते म्हणाले. "चाळीत असतो तर बाजूची कोणतरी धावली असती. आता टॉवरात सगळ्यांची दारां बंद. तिने हाक तर मारल्यान असतली. काय म्हटल्यान असतला?"

मग ते नम्रताकडे वळले.

"साच्यावर धागो तुटलो की आम्ही साचो बंद करायचो," काका नम्रताला म्हणाले. "जॉबर, आमचो मुकादम, कितीपण बोंबललो तरी. तुया थांबूक व्हया होतां."

एवढं बोलून ते उठले. ते दारापाशी पोचले तेव्हा नम्रता धावत गेली आणि तिने त्यांच्यापुढे पॅड धरलं. त्यावर तिने तसंच पुटपुटत लिहिलं होतं, "काकूंचा तो निरोप माझ्या फोनमध्ये आहे. त्यांचा आवाज आहे. ऐकायचा असेल तर मला नीट साचा बनवू द्या."

काका परत येऊन खुर्चीत बसले. "आत्ताच कर," ते म्हणाले. "मी थांबतंय."

मॅडमनी कान तपासला. चट्टे गेले होते. त्यांनी ताजा ठसा घेतला. नम्रताने माझा ट्रे रिकामा केला, तळाचा तुकडा अलगद सोडवला, रेझिन गाळलं, तळ पुसला. मग मी सुरू झालो. काका काचेजवळ येऊन उभे राहिले. बावीस वर्षं यंत्राकडे बघायची सवय असलेले ते डोळे दीड तास माझ्यावरून हलले नाहीत. मी आयुष्यात इतका जपून कधी थर लावला नव्हता. साचा धुऊन झाला, घासून झाला, पेटीत पुरा अर्धा तास राहिला. शेवटी नम्रताने हातमोजा काढला, साचा स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला दाबून धरला आणि काही होत नाही ना हे पाहिलं. मग तो डबीतल्या यंत्राला जोडून काकांच्या कानात बसवला.

तिने फोन त्यांच्या कानाजवळ नेला.

"गो नम्रता, सुभद्राकाकू बोलतंय. ह्यांचो कान लाल झालो हा, आग होता. यंत्र काढून ठेवल्यानी. घरात परत नुसते हातवारे. माका करमत नाय गो. जरा लवकर बोलाव. आणि तू जेवलंस काय?"

"परत लाव," काका म्हणाले.

तिने पुन्हा लावला. मग तिसऱ्यांदा.

"तू काय सांगितलंस तिका?"

"शुक्रवारी या म्हणून लिहिलं."

"आणि जेवलंस म्हणून?"

नम्रताने मान हलवली. "ते नाही लिहिलं, काका."

काका हळूच हं म्हणाले. तो निरोप त्यांनी आपल्या फोनमध्ये घेतला आणि साचा कानात ठेवूनच ते जिना उतरले. तिला माफ केलं असं ते बोलले नाहीत. ते पुन्हा नळी बदलायला आले नाहीत. मॅडम एकदा त्यांच्या घरी जाऊन आल्या. सांगत होत्या की काका दिवसभर यंत्र डबीतच ठेवतात. संध्याकाळी एकदा कानात घालतात, फोन कानाशी धरतात आणि पुन्हा काढून ठेवतात.

पुढे माझा दिवा मंद होत गेला. माझ्या मापाचे ट्रे मिळेनासे झाले. नवं, मोठं यंत्र आलं आणि मला जिन्याखाली ठेवलं. मला तिथे हलवताना नम्रताने माझा ट्रे शेवटचा पुसला, जरी आता त्यात काही ओतलं जाणार नव्हतं. या आठवड्यात भंगारवाला मला न्यायला येणार आहे.

मित्रांनो, माझी कीव करू नका. तुमच्या हातून होणारं काम कुठल्या तरी बंद दाराआड, कुठल्या तरी माणसापर्यंत जाऊन पोचतं. तिथे कोण कुणाला हाक मारणार आहे, हे तुम्हाला कधीच कळत नाही. म्हणून हाताला काही चिकट लागलं, मनाला काही खटकलं, तर थांबा. कितीही घाई असू दे. मला थांबता आलं नाही, कारण माझं बटण दुसऱ्याच्या हातात होतं. तुमचं तुमच्या हातात आहे.