झाकणावरची मापं

मी कॅल्क्युलेटर बोलतोय. शांतपणे सांगायचं ठरवलंय, पण जमेल असं वाटत नाही.

बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार आणि वर्गमूळ, एवढीच माझी अक्कल. माझ्यासारखे खोकेच्या खोके कारखान्यातून बाहेर पडले. मला घेतलं एका कपडे शिवणाऱ्या बाईनं. घरात ती ताई. किती कापड लागेल, याचा हिशेब ती माझ्यावर करायची. मापांच्या चिठ्ठ्या कात्रणांत हरवायच्या, म्हणून नेहमीच्या गिऱ्हाइकांची मापं तिनं माझ्या झाकणाच्या आतल्या बाजूला न पुसणाऱ्या पेनानं लिहून ठेवली. ३४, २८, ३८, १४॥. नावं नाहीत. कुणाचं कुठलं, ते तिला पाठ.

धाकटी बहीण कॉलेजात संख्याशास्त्र शिकायची. शेवटच्या पेपरच्या सकाळी तिचा कॅल्क्युलेटर बंद पडला. ताईनं मला तिच्या हातात कोंबलं. "ने माझा. एक दिवस अंदाजानं कापते."

पेपरला कॅल्क्युलेटर चालत होता. तरी पर्यवेक्षक बाईंनी मला उचललं आणि झाकण उलटं केलं.

"हे काय?"

"ताईची मापं आहेत, मॅडम. ती कपडे शिवते."

"पकडलं की सगळ्यांच्या ताया काही ना काही करत असतात."

झालं! तिची उत्तरपत्रिका गेली, मी पाकिटात गेलो, पाकिटावर लाखेचं सील बसलं आणि पाकीट परीक्षा विभागाच्या कपाटात.

निकाल लागला, तेव्हा धाकटीच्या नावापुढे 'राखीव' एवढंच होतं. दुसऱ्या गावी तिला पुढच्या शिक्षणासाठी जागा मिळाली होती, पण गुणपत्रिका दाखवल्याशिवाय प्रवेश पक्का होणार नव्हता. इकडे चौकशी समितीची पहिली बैठक सदस्य कमी म्हणून बारगळली. दुसरीच्या वेळी कपाटाची किल्ली ज्यांच्याकडे होती, ते रजेवर. तिसऱ्या बैठकीत मला टेबलावर ठेवलं. पाकिटासकट!

"सर, उघडून बघा ना," धाकटी म्हणाली. "आकडे बघितले की कळेल."

"सील तोडायला ठराव लागतो," अध्यक्ष सर म्हणाले.

"मग निदान संख्याशास्त्राच्या सरांना विचारा."

"ते तुझ्या ओळखीचे. पक्षपात होईल."

आत मी तडफडत होतो. एक बोट लावा रे कुणीतरी! माझ्या पोटात सूत्र साठवायला जागाच नाही, हे शाळकरी पोरही सांगेल. पण तिघे मोठे लोक पाकिटाकडे बघत, पाकिटाच्या वर्णनावर चर्चा करत बसले. मुलगी खोटी आहे की खरी, हे कुणाला जाणून घ्यायचंच नव्हतं. सगळ्यांना फक्त कामकाजाच्या नियमांत चूक होऊ द्यायची नव्हती.

धाकटी मग रोज समितीच्या दाराबाहेर येऊन बसायला लागली. तिला टाळून जेवायला जाणं अवघड झालं, तेव्हा ठराव झाला. सील तुटलं. संख्याशास्त्राचे सरही आले. त्यांनी झाकण डोळ्यांजवळ धरलं आणि हसायलाच लागले.

"अहो, छाती, कंबर, बाही आहे हे! माझ्या विषयात यातलं काही नाही."

मला वाटलं, सुटलो.

"पण लिखाण होतं, हे तर खरं?" अध्यक्ष सर म्हणाले. "नियमात 'कोणतेही लिखाण' असं आहे. आपण सौम्य घेऊ. गैरप्रकार मान्य, अशी सही कर. ताकीद देऊन निकाल आजच सोडतो."

"मी कॉपी केली नाही, असं लिहून द्या. मग झाकणाबद्दलची ताकीद घेते."

"तसं लिहून देण्याची पद्धत नाही."

दोष लिहायला छापील कागद, आणि निर्दोष लिहायला पद्धतच नाही!

ताई मागे उभी होती. प्रवेशाची मुदत त्याच दिवशी संपत होती. ती कळवळून म्हणाली, "कर गं सही. कोण बघतंय?"

"ताई, हे तुझं अक्षर आहे. मी सही केली, तर तुझी मेहनत कॉपी ठरते."

ताईनं धाकटीच्या हातातलं पेन काढून टेबलावर ठेवलं. "चल. तू कॉपी केली नाहीस असा कागद हातात आला, की नेऊ कॅल्क्युलेटर घरी."

ती जागा गेली. समितीनं प्रकरण 'विचाराधीन' ठेवलं.

आणि मी? मला परत पाकिटात घालायचा ठराव कुणी केला नाही. परीक्षा विभागातल्या लेखनिकाचं यंत्र बिघडलं, त्यानं मला उचललं. आता मुलांच्या गुणांची बेरीज माझ्यावर होते. तीच बटणं, तेच झाकण, आणि त्यावर तेच ३४, २८, ३८. कुणाचीही हरकत नाही! ज्याच्यापायी एका मुलीचं वर्ष गेलं, त्याच्या बेरजेवर अख्ख्या कॉलेजचा विश्वास आहे.

गुरुजनहो, तुमची बेरीज मी चोख करून देईन, ते माझं कामच आहे. तुम्ही फक्त एक ओळ लिहा: हिनं कॉपी केली नव्हती. तिकडे ताई अजून अंदाजानं कापतेय.