तीन चुकांची अट

माझी करुणा सात वर्षांची झाली, तरी तिला स्वतःचं नाव घेता येत नव्हतं. 'क'चा 'त' व्हायचा, 'ग'चा 'द'. नाव विचारलं की "तरुणा". विहारात वंदनेला "सरणं दच्छामि" म्हणायची. तिथं लोक कौतुकानं हसायचे. शाळेत पोरं चिडवायची. दुसरीत गेल्यापासून तिनं वर्गात तोंड उघडणंच सोडलं.

लातूरला रेल्वेनं पाणी आलं त्याच साली आमच्या उदगीरजवळच्या गावात उच्चार सुधारणाऱ्या मॅडम आल्या. दहा चित्रं दाखवायची, पोरानं नावं सांगायची. तीन चुकली तर पोर पात्र; मग दर शनिवारी शाळेतच शिकवणार. करुणाची दोनच चुकली. तेळं आणि दाय.

"मॅडम, तिला सोताचं नाव घेता येईना," मी म्हणाले.

"नावाचं चित्र नाही ना यात."

बाहेर तिच्या वर्गाच्या शेषेराव गुरुजींनी मला हळूच गाठलं. "सिंधुताई, सगळा वर्ग 'पानी' म्हनायलाय. मॅडम ती चूक धरायल्या. तुमच्याच पोरीनं 'पाणी' म्हनलं, तिथंच एक चूक कमी पडली. उद्या काठावरच्या पोरांना पुन्हा बघणार हायत."

हे माझंच काम. गावात सगळेच 'पानी' म्हणतात, पण माझ्या लहानपणी माहेरच्या शाळेतले गुरुजी मला एकटीलाच उभं करायचे. "वस्तीची जीभ," म्हणायचे. तो राग मी लेकीवर काढला. तिच्याकडून 'ण' घोटून घेतला, चापट्या मारून.

संध्याकाळी तिला जवळ घेतलं. "उद्या पानी म्हन."

"मारशील," ती म्हणाली.

"न्हाई मारत, माय."

दुसऱ्या दिवशी चित्र समोर आलं. तिनं आधी माझ्याकडं बघितलं, खांदे आखडून घेतले आणि म्हणाली, "पानी." तीन चुका झाल्या. नाव यादीत चढलं. त्या नादात टँकरवरचा माझा नंबर गेला, तरी मला काही वाटलं नाही.

पहिल्या शनिवारी मॅडमनी सोप्यापासून सुरुवात केली. "म्हण, पाणी." आता खरं म्हटलं तरी चालतंय असं करुणाला वाटलं असणार. ती खणखणीत आवाजात म्हणाली, "पाणी." मॅडमनी टाळ्या वाजवल्या, फोटो काढला, कागदावर 'सुधारणा' लिहिलं.

पुढच्या शनिवारी यादीत तिचं नाव नव्हतं.

"आता दोनच चुका राहिल्या ना. अटीत बसत नाही."

"मॅडम, ते तर तिला आधीपासून येत होतं."

"मग त्या दिवशी मुद्दाम चुकीचं बोलली का?"

मॅडमनी समजूत घातली, "उदगीर जिल्हा झाला की इथंच केंद्र निघेल. तेव्हा अर्ज करा." जिल्हा होणार हे मी लग्न होऊन आल्यापासून ऐकते आहे. त्यांचा राग आला, आणि त्याहून जास्त माझा स्वतःचा.

घरी आलो. उन्हानं तिचं तोंड लाल झालं होतं. ती रांजणापाशी गेली, रिकामा तांब्या हातात धरून तशीच उभी राहिली.

"काय पाहिजे?" मी विचारलं.

ती माझ्या हाताकडं बघत होती.

"आई, पाणी म्हणू ता पानी?"