बॉयलरची पेटी

जितेंद्र मला मारायच्या आधी बॉयलर चालू करायचा. नवरा शिस्तीचा मिळाला म्हणायचं.

सक्करदऱ्याला घराच्या मागच्या खोलीत आमचं साड्यांच्या स्टीम प्रेसचं काम. कोपऱ्यात लोखंडी बॉयलर, त्यातून निघालेली रबरी नळी आणि नळीच्या टोकाला वाफेची जड इस्त्री. बॉयलर जुना, बंद पडलेल्या एका हॉटेलातून उचललेला. पंप लागला की भिंती थरथरायच्या, आणि वाफ सोडायचा कॉक उघडला की शेजारी उभ्या माणसाशीही खुणेनं बोलावं लागायचं. जितेंद्र आधी तो कॉक उघडायचा, मग दाराला आतून कडी घालायचा, मग माझ्याकडे वळायचा. पुढच्या खोलीत माझ्या सासूबाई, रुखमाबाई, तांदूळ निवडत बसलेल्या असायच्या. मी सुजलेलं तोंड घेऊन बाहेर आले की म्हणायच्या, "बॉयलर लय आवाज करते बाई," आणि पुन्हा ताटात डोकं घालायच्या.

मी ओरडणं केव्हाच सोडून दिलं होतं. जिथं आपलं ओरडणं आपल्यालाच ऐकू येत नाही, तिथं घसा कशाला फोडायचा? मला फक्त एवढंच हवं होतं, की एकदा तरी कुणी ऐकावं. ऐकलं की येतील, अशी माझी समजूत.

आमच्या भिंतीला भिंत लागून वामनराव आणि प्रेमलताकाकू राहायचे. वामनराव नोकरीतून मोकळे झालेले, दिवसभर घरी. त्यांना त्या आवाजाचा वीट आला. एका सकाळी बनियनवरच आमच्या फाटकाशी आले आणि कडाडले, "जितेंद्र, हा डब्बा बंद कर, नाही तर मी चौकीत जातो गा!"

जितेंद्रला तोंडानं बोलणं कधी जमलंच नाही. त्यानं म्हाताऱ्याची मान धरली आणि कपाळ फाटकाच्या गजावर आपटलं. भुवई फुटली, बनियन लाल झालं. प्रेमलताकाकू आपल्या दारात पदर तोंडात कोंबून उभ्या होत्या. खरं सांगते, मला बरं वाटलं. माझं रक्त बंद खोलीत सांडायचं आणि मीच फडक्यानं पुसायची. हे रक्त अख्ख्या गल्लीनं पाहिलं.

चौकीत समेट झाला. बॉयलरचा आवाज घराबाहेर येता कामा नये, नाही तर मशीन उचलून नेऊ, अशी तंबी मिळाली. आमचं पोट त्या मशीनवर, त्यामुळे जितेंद्र मुकाट कामाला लागला.

हात मात्र कारागिराचा, हे मान्य करावंच लागेल. त्यानं बॉयलरभोवती प्लायवूडची दुहेरी पेटी उभी केली. दोन फळ्यांच्या मधे आवाज शोषणारा काचेचा कापूस ठासून भरला, पंपाखाली जाड रबर घातलं, आणि वाफेच्या पाइपाला चक्क मोटरसायकलचा जुना सायलेन्सर बसवला. कापूस ठासायचं काम माझं. हातभर खाज सुटली, पुरळ उठलं, पण मी एक फट ठेवली नाही.

"लय मन लावून करून राहिली वं," जितेंद्र म्हणाला.

"आपलंच काम आहे," मी म्हटलं.

पेटीचं दार लावून त्यानं बॉयलर चालू केला. नुसती घुरघुर. इतकी बारीक, की भिंतीपलीकडून वामनरावांचा खोकला स्वच्छ ऐकू आला. त्यांचा खोकला इकडे येतो, म्हणजे माझा आवाज तिकडे जाणार! जितेंद्रच्या टाळक्यात ही गोष्ट शिरलीच नाही. तो खुशीत पेटीवर हात फिरवत होता. त्याच्या लेखी मला आवाजच नव्हता, तर तो बाहेर जाईल ही भीती त्याला कुठून असणार?

दोन दिवसांनीच एका गिऱ्हाइकाचा लग्नातला शालू त्याच्याच हातून करपला. राग माझ्यावर निघाला, तो काही नवा नव्हता. सवयीनं त्यानं कॉक उघडला. सायलेन्सर नुसता फुसफुसला. सवयीनं कडी घातली आणि कमरेचा पट्टा काढला. पहिला फटका पाठीवर, दुसरा कानावर. मग केसांना धरून त्यानं माझं तोंड टेबलाच्या कडेवर आपटलं. दात हलला, तोंड रक्तानं भरलं. मी ते थुंकले, छाती भरून श्वास घेतला आणि जीव खाऊन ओरडले.

"वामनरावकाका! प्रेमलताकाकू! मारून राहिला मले! धावा!"

जितेंद्रचा हात वरच राहिला. त्यानं पेटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आता कुठे त्याच्या डोक्यात उजेड पडला, आणि त्याचा चेहरा पांढराफटक झाला.

पलीकडे टीव्ही चालू होता, तो बंद झाला. मी पुन्हा ओरडले. पलीकडे खुर्ची सरकली. उठले, आता येतील, मला वाटलं.

टीव्ही पुन्हा लागला. या वेळी मोठा, कान किटतील इतका मोठा.

जितेंद्र हसला. "ओरड वं," तो म्हणाला. "काहून थांबली? ओरड ना अजून." त्यानं पट्टा माझ्या गळ्यात टाकला आणि आवळला. डोळ्यांपुढे काळोख येऊ लागला. हात चाचपत मागे गेला तो आकड्याला टांगलेल्या इस्त्रीवर पडला. ती ओढली, त्याच्या दंडावर टेकवली आणि वाफेचं बटण दाबलं. कातडी चरचरली. करपल्याचा वास आला तरी मी दाबतच राहिले.

तो गुरासारखा हंबरला. त्याचा आवाज खाली यायच्या आत पलीकडचा टीव्ही बंद, फाटक वाजलं, ओसरीवर पायांचा धुडगूस. एका लाथेत कडी तुटली. लाथ घालणारे वामनराव! भुवईवरचे टाके अजून निघाले नव्हते, आणि ज्याच्यामुळे ते पडले त्याच्यासाठी धावत आले होते. मागून अर्धी गल्ली आत घुसली.

"काय झालं गा जितेंद्र? पाणी आणा, पाणी!"

"जाळलं वं माझ्या पोराले ह्या सटवीनं!" सासूबाईंनी छाती बडवली.

माझ्या गळ्यात पट्टा लोंबत होता, हनुवटीवरून रक्त गळत होतं. एकानंही विचारलं नाही. माझ्या अंगाची नुसती आग आग झाली.

"काका," मी म्हटलं, "माझा आवाज आला होता काय?"

वामनरावांनी जितेंद्रच्या दंडावरून नजर उचलली नाही. "टीव्ही चालू होता बाई."

"आला होता," प्रेमलताकाकू म्हणाल्या. सगळे वळले. "आताच नाही वं पोरी. बॉयलर चालत होता, तवाबी येत होता. तू ओरडणं बंद केलं, तेबी कळलं होतं आमाले."

पट्टा लागला नव्हता तेवढं हे बोलणं लागलं. मोकळ्या हातानं मी गळ्यातला पट्टा ओढून काढला. इतकी वर्षं त्या बॉयलरला शिव्याशाप दिले, आणि त्या बिचाऱ्यानं काहीच झाकलं नव्हतं.

"मंग चौकीत चाला माझ्यासोबत," मी म्हटलं. "हेच सांगा तिथं."

"येतो मी," काकू म्हणाल्या आणि पुढे आल्या.

वामनरावांनी त्यांचं मनगट पकडलं आणि पाठीमागे पिरगळलं. "घरी चाल," ते हळूच म्हणाले. काकूंनी हूं की चूं केलं नाही, नुसते डोळे मिटून घेतले. इतक्या माणसांत कुणालाही ते वावगं वाटलं नाही. मला मात्र कळलं, भिंतीपलीकडेही हेच चालत होतं.

इस्त्री अजून माझ्या हातात होती आणि बॉयलर चालूच होता. मी ती वामनरावांच्या तोंडासमोर धरली.

"सोडा काकूले," मी म्हटलं.

त्यांनी सोडलं.