डुकरांचा कोतवाल

नातजावयानं डुकरिणीच्या नावानं नोटीस धाडावी, असं विगिनांच्या घरात आजवर घडलं नव्हतं. ऑगस्टा विगिननं ती नोटीस चष्मा लावून वाचली, चष्मा काढून वाचली आणि मग चुलीत घातली. चुलीत जळेपर्यंत तिच्यावर लक्षही ठेवलं, कारण कागद तिकडच्या उन्हातल्या फ्लोरिडाच्या माणसाचा होता, काय भरवसा.

‘बर्था नावाच्या मादीच्या नाकात कडी नाही, ती आठ दिवसांत घालावी,’ असं त्यात होतं. खाली सही आणि शिक्का. शिक्का बटाट्यावर कोरलेला.

“प्रिसिला,” ती नातीला म्हणाली, “तुझ्या नवऱ्याला लहानपणी ऊन लागलं होतं का गं?”

“आजी, सभेत तूच हात वर केला होतास.”

ते खरं होतं, म्हणून तर जास्त झोंबलं.

अमेरिकेच्या बर्फाळ उत्तरेतल्या मर्सी हॉलोची ग्रामसभा मार्चात भरते. रस्ते, शाळा, बर्फ उपसायची गाडी यांच्यावरून दिवसभर भांडून झालं की शेवटी गंमत म्हणून गावातल्या नव्या नवऱ्याला डुकरांचा कोतवाल निवडायचं. पणजोबांच्या काळी डुकरं मोकाट फिरायची, तेव्हा त्या कामाला अर्थ होता. आता काय, नवऱ्या पोराची जरा खेचायची. तो लाजतो, लोक पाय आपटतात, मग सगळे कॉफी प्यायला जातात. ऑगस्टाचा नवरा आल्वा कोतवाल झाला, तेव्हा वर्षभरात डुकरांसाठी त्यानं एकच काम केलं. ती खाल्ली.

पण ट्रेव्हर पिकेटला कुणी सांगितलंच नव्हतं की इथं हसायचं असतं. नाव पुकारल्यावर तो उठला. छातीवर हात ठेवला. डोळ्यांत पाणी.

“माझ्या आजोबांनी या देशासाठी पाय दिला,” तो म्हणाला. “माझ्याकडे आजवर कुणी काही मागितलंच नव्हतं.”

सभा चिडीचूप झाली. थोरला पंच ऑरिन क्लफ, त्याला बिचाऱ्याला खरीखुरी शपथ द्यावी लागली. ती त्यानं तोंडावर रुमाल धरून दिली आणि सर्दी झाल्याचं सांगितलं.

तेव्हापासून या माणसानं गावाला जेरीस आणलं. ग्रंथालयातून कायद्याचं जुनं बाड काढलं. पिवळं जाकीट घातलं, गळ्यात शिट्टी अडकवली आणि गावातली अकराच्या अकरा डुकरं वहीत उतरवली, स्वभावासकट. बर्थापुढे लिहिलं होतं, ‘हट्टी. मालकिणीवर गेली आहे.’

मे महिन्याचा शेवटचा सोमवार आला. लढाईत गेलेल्यांच्या आठवणीचा दिवस. शाळेचा बँड, आगीचा बंब, टोप्या घातलेले म्हातारे शिपाई, सगळे चर्चपासून दफनभूमीपर्यंत चालत जातात आणि शिपायांच्या दगडावर ऑगस्टा विगिन हार वाहते. एकोणीस वर्षं तीच वाहते. दुसऱ्या कुणी वाहायचं मनात आणलं, तरी तिच्याकडे एकदा बघून ते मनातून काढून टाकलं.

मिरवणूक फाटकाशी पोचली आणि बँडमास्तरची काठी हवेतच राहिली.

शिपायांच्या दगडाला टेकून बर्था उभी होती. चार माणसांच्या वजनाची, गुलाबी, प्रसन्न. ऑगस्टानं सकाळीच आणून ठेवलेला हार तिनं जवळजवळ संपवला होता आणि कबरीवरच्या एका छोट्या झेंड्याची काडी दाढेखाली घेऊन ती विचार करत होती. बँड थांबला. मोठा भोंगा वाजवणाऱ्या पोरीला समोरचं काही दिसत नव्हतं, त्यामुळे ती आणखी थोडी वाजवत राहिली.

“झेंडा!” ट्रेव्हर ओरडला. त्यानं अंगावरच्या एकुलत्या एक सुटासकट झेप घेतली, झेंडा जमिनीला लागायच्या आत हिसकावला आणि दुसऱ्या हातानं बर्थाचा कान धरला. मग शिट्टी फुंकली. कशासाठी, ते त्याचं त्यालाच ठाऊक.

ऑरिन क्लफ घसा खाकरून म्हणाला, “असू दे रे. ऑगस्टाबाईंचीच आहे. ने घरी.”

“ने घरी,” ऑगस्टाही म्हणाली.

“आजी, माफ करा. गावच्या जागेत मोकाट डुक्कर सापडलं तर ते कोंडवाड्यात घालायचं, असा कायदा आहे.”

विगिनांचं डुक्कर आजवर कोंडवाड्यात गेलं नव्हतं. क्लफांची गेली होती, टॅशरांची गेली होती. विगिनांचं नाही. ऑगस्टा ही गोष्ट वर्षातून दोनदा तरी क्लफांना ऐकवायची.

“ट्रेव्हर,” ती हळू म्हणाली. ती हळू बोलली की घरातलं मांजरसुद्धा बाहेर जातं. “माझ्या डुकरिणीला तिथं नेलंस, तर माझ्या उंबऱ्यावर पाय ठेवायचा नाही.”

“हो आजी,” ट्रेव्हर म्हणाला आणि ढकलू लागला.

बर्था हलेना. चौघांनी ढकललं, तरी हलेना. तेव्हा प्रिसिला गुपचूप समोरच्या आपल्या घरात गेली आणि लग्नाच्या केकचा वरचा मजला घेऊन आली. लग्नाच्या पहिल्या वाढदिवशी नवराबायकोनं खायचा म्हणून तो बर्फात जपून ठेवला होता, साखरेच्या गुलाबांसकट.

“प्रिसी, तो नको!” ट्रेव्हर कळवळला.

“देशाचं काम आहे ना? मग घे की,” ती नाक ओढत म्हणाली.

अशा रीतीनं बर्था त्यांचा केक खात खात कोंडवाड्यात गेली. भिंती दगडी, मजबूत, पण फाटक कधीच कुजून गेलेलं. म्हणून ट्रेव्हर स्वतःच त्या फटीत बसला. फाटक म्हणून.

गाव बीन्स आणि डुकराचं हॅम खायला चर्चच्या तळघरात गेलं. ऑगस्टा टेबलाच्या मानाच्या टोकाशी बसली. हॅम गिळवेना. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, असं ती स्वतःशी पुटपुटत होती, पण खरं दुखणं वेगळं होतं. सकाळी हार घेऊन निघताना टोपी वाऱ्यानं उडाली होती. ती धरायला धावताना डुकरिणीच्या दाराला कडी घालायची राहिली होती, आणि हे तिला एकटीला माहीत होतं. जनावर सोडवायचं, तर मालकानं कोंडवाड्यापाशी उभं राहून, चारचौघांदेखत म्हणायचं, ‘डुक्कर माझं, चूक माझी.’ त्यातला दुसरा भाग ऑगस्टा विगिन शहात्तर वर्षांत एकदाही म्हणाली नव्हती. आल्वा बिचारा वाट बघून बघून मेला.

चार वाजता ती उठली. तिच्यामागे सगळं गाव उठलं. अशी करमणूक फुकट कुठं मिळते?

मेच्या काळ्या माश्यांनी चावून चावून ट्रेव्हरचं पार भोपळ्यासारखं तोंड केलं होतं. डोळे सुजून मिटलेले. मांडीवर बर्था डोकं टाकून घोरत होती. एक हात तिच्या कानावर, दुसऱ्या हातात तो चावलेला झेंडा, उंच धरलेला. माशी मारायला तिसरा हात देवानं दिला नव्हता.

“कोण आहे?” त्यानं विचारलं.

“कोण असणार? डुक्कर माझं.”

“आणि, आजी?”

“आणि काय आणि?”

“पुढचं म्हणायचं असतं.”

“चूक आल्वाची. कडी त्यानं बसवली होती.”

“आजोबांना जाऊन एकोणीस वर्षं झाली, आजी.”

“कडी तर तीच आहे ना!”

मागं खसखस पिकली. ऑरिन क्लफ पुढं आला. “पोरा, तिनं म्हटलं असं लिहून टाक आणि ऊठ. अरे, ही सगळी गंमत आहे. तुला कोतवाल केलं तेच मुळी हसायला.”

पुन्हा हशा झाला, या वेळी मोठा. ट्रेव्हरचं सुजलेलं तोंड आवाजाच्या दिशेनं वळलं. झेंड्याचा हात तेवढा जरासा खाली आला, आणि त्यानं तो पुन्हा वर नेला.

ऑगस्टा गर्रकन वळली. हसणारी तोंडं तिनं एक एक करून मोजून घेतली.

“डुक्कर माझं!” ती कडाडली. पलीकडच्या टेकडीवरचे कावळे उडाले. “चूक माझी! दार मी उघडं टाकलं! ऐकलंस, ऑरिन? की सर्दीनं कानही बसलेत?”

कुणी हसलं नाही. बर्था जागी झाली. ऑगस्टानं कमरेवर हात ठेवले आणि नातजावयाला म्हणाली,

“ट्रेव्हर पिकेट, तुझ्याइतका बावळट माणूस मी या गावात पाहिला नाही, आणि या गावातले मी सगळे पाहिलेत. पण गावानं कामाला लावलं आणि तू काम केलंस, हे इथं दुसऱ्या कुणाला जमल्याचं मला आठवत नाही. पुढच्या मार्चापर्यंत दहा लग्नं होऊ देत, कोतवाल तूच राहणार. ज्याला पटत नाही त्यानं हात वर करावा, मी बघतेच. ऊठ आता, आणि पाठ सरळ कर. सरकारी माणूस असा पोक काढून बसत नाही.”