उतरता आकडा, चढती वाफ

मानवाच्या इतिहासात तीन महान क्षण आले. पहिल्यांदा त्याने आग पेटवली. मग त्याने वीज पकडली. आणि शेवटी या दोघींना एका बटणाखाली कोंडून त्याने खिशात घातलं. तो तिसरा क्षण म्हणजे मी. माझ्या खोक्यावर मात्र असं काही छापलेलं नव्हतं. 'ओलाव्यापासून दूर ठेवा' एवढंच होतं.

मित्रांनो, मी एक जुनी, आकडे दाखवणारी बॅटरी आहे. माझ्या डोक्यावर काचेची छोटी टाकी बसवतात. टाकीत गोड वासाचं द्रव असतं, द्रवात कापूस आणि कापसात तारेचं वेटोळं. बटण दाबलं की मी वेटोळं तापवते, द्रवाची वाफ होते आणि सिगारेट सोडू पाहणारा माणूस ती ओढतो. किती तापवायचं, हे माझ्या पोटावरची अधिक-उण्याची दोन बटणं ठरवतात. ज्यांनी सिगारेटला कधी हात लावला नाही, त्यांचं माझ्याकडे काहीही काम नाही. आपल्याच गिऱ्हाइकाला असं परत पाठवणारी वस्तू तुम्हाला दुकानात क्वचित भेटेल.

माझा जन्म कारखान्यात झाला. एका दिवसात आम्ही चार हजार जन्मलो. कोणी बारसं केलं नाही.

मला घरी आणलं ऑरेस्ट ह्नाट्युकने. वय अठ्ठावन्न, मॅनिटोबातल्या एका गावात धान्याच्या कोठारावर नोकरी, आणि छत्तीस वर्षांची सिगारेट. त्याची बायको लव्हर्न गावच्या कर्लिंग संघाची कप्तान. बर्फावरून ती वीस किलोचा दगड सोडते आणि दोघे जण त्या दगडापुढे धावत ब्रशने बर्फ घासतात. घासलं की दगड लांब जातो; पलीकडच्या वर्तुळाच्या मध्याजवळ ज्यांचा दगड थांबेल, त्यांना गुण. ऑरेस्ट त्या दोघांपैकी एक. अर्ध्या वाटेवर त्याचा दम संपायचा. तो ब्रशवर ओणवा होऊन खोकायचा आणि दगडही त्याच्या सोबतीला थांबायचा.

ऑक्टोबरात असाच एक सामना हरून आल्यावर लव्हर्नने पिरोगी, म्हणजे बटाट्याच्या उकडलेल्या करंज्या, वाढल्या आणि निकाल दिला.

"फेब्रुवारीच्या स्पर्धेपर्यंत तुझा दम सुधारला नाही, तर तुझी जागा आपल्या राखीव गार्थला."

"गार्थला? अगं, तो खिशात गाजरं घेऊन हिंडतो!"

"हिंडतो. पण खोकत नाही."

"बत्तीस वर्षांचा संसार आहे आपला, लव्हर्न."

"संसारातून नाही काढत. संघातून काढतेय. आंबट साय घे."

दुसऱ्याच दिवशी ऑरेस्ट शेजारच्या गावात मोनीकच्या ई-सिगारेटच्या दुकानात गेला. तिने मला त्याच्या हातात दिलं आणि माझी दोन मापं दाखवली, व्होल्ट आणि वॅट. "वॅटवर ठेव, काका," ती म्हणाली, "म्हणजे तार बदललीस तरी ताप बदलणार नाही."

"माझ्या ट्रॅक्टरची बॅटरी व्होल्टवर चालते," ऑरेस्ट म्हणाला. "ही काय ट्रॅक्टरपेक्षा मोठी लागून गेली?"

मित्रांनो, माझ्या आयुष्यातलं सगळं रामायण या एका वाक्यातून घडलं.

त्याने फ्रिजवर तक्ता चिकटवला. दर रविवारी चर्चमधून आल्यावर तो मला टेबलावर ठेवायचा, चष्मा लावायचा आणि वजाचं बटण दाबायचा. चार पूर्णांक दोन. मग चार. मग तीन पूर्णांक आठ. तो खरोखर उतरत होता. कोठारावर बाकीचे सिगारेट पेटवत, तेव्हा तो मला मुठीत धरून कोठाराभोवती फेऱ्या मारायचा. उणे पस्तीस अंशात मी गारठून बंद पडायचे, म्हणून मला बनियनच्या आत ठेवायचा. असा मान मला ना आधी मिळाला होता, ना नंतर मिळाला.

डिसेंबरात तारेचं वेटोळं जळालं. ऑरेस्टने पेट्रोल पंपावरून नवं आणलं. पाकीट अगदी तसंच, आत तार मात्र निराळी. जुनी तार विजेला जेवढं अडवायची, त्याच्या निम्मंच ही अडवायची. म्हणजे त्याच व्होल्टला दुप्पट वीज धावायची. पुढच्या रविवारी ऑरेस्टने ऐटीत तीन पूर्णांक चार लिहिलं आणि शेजाऱ्यांना बोलावून तक्ता दाखवला. गार्थनेसुद्धा पाठ थोपटली. आणि मी आतून भट्टीसारखी रटरटत होते. पहिल्या दिवशी अकरा वॅट देत होते, आता साडेचौदा. हे ओरडून सांगावं असं फार वाटलं, पण मला तोंड एकच, आणि ते ऑरेस्टच्या तोंडात.

खोकला परत आला. सरावात तो तिसऱ्या दगडालाच गुडघ्यांवर बसला.

घरी आल्यावर लव्हर्न तक्त्यासमोर उभी राहिली. "आकडा उतरतोय आणि धूर चढतोय. कोणीतरी खोटं बोलतंय."

"बॅटरी खोटं बोलतेय."

मला म्हणाला! मित्रांनो, मी एकही आकडा खोटा दाखवलेला नाही. विचारलं तेवढंच सांगितलं, हा माझा गुन्हा असेल तर कबूल आहे.

लव्हर्नने आम्हा दोघांना गाडीत घातलं आणि मोनीकपुढे उभं केलं. मोनीकने वेटोळं काढून त्यावर कोरलेला आकडा वाचला, मला वॅटवर नेलं आणि काचेतला आकडा ऑरेस्टला दाखवला.

"काका, पाच आठवडे तू जिना उतरलास. मग लिफ्टने गच्चीवर गेलास."

"पण तक्ता..."

"तक्ता व्होल्टचा आहे. तुझी छाती वॅट मोजते. आधी तारेवरचा आकडा वाचायचा, मग बटणाला हात लावायचा. आणि नुसतं वजाचं बटण दाबून भागत नाही. द्रवातलं निकोटिनही कमी करत न्यायचं, नाहीतर माणूस तेवढंच सुख लांब झुरके घेऊन वसूल करतो."

परतीच्या वाटेवर पंपापाशी ऑरेस्टने गाडी थांबवली. तिथे सिगारेटी मिळतात. तो पाच मिनिटं स्टिअरिंग धरून बसला आणि लव्हर्न पाच मिनिटं खिडकीबाहेर बघत राहिली. मग त्याने गाडी सुरू केली. घरी येऊन तक्ता फाडला, नवा कागद घेतला आणि वर मोठ्या अक्षरांत लिहिलं: वॅट. पुढचे नऊ आठवडे त्याने एकही रविवार चुकवला नाही. तेरा, बारा, नऊ, सात. शेवटच्या बाटलीत तर निकोटिन औषधालाही नव्हतं.

फेब्रुवारीत अंतिम सामना. मी त्याच्या शर्टाच्या खिशात, त्या दिवशी एकदाही न तापलेली. शेवटचा दगड लव्हर्नने सोडला. "घास! घास, ऑरेस्ट!" तो धावला. त्याचं काळीज माझ्या काचेवर धडधडत होतं. नेहमीची अर्धी वाट आली. ऑरेस्ट थांबला नाही. दगडही थांबला नाही. दोघे वर्तुळात शिरले, मध्यबिंदूवर पोचले, आणि तो ओलांडून वीतभर पुढे गेले. संघ एका गुणाने हरला.

"अगं, थांब का नाही म्हणालीस?" तो धापा टाकत म्हणाला. धापाच. खोकला नाही.

"तू अर्ध्यावर संपणार हे धरूनच मी दगड जोरात सोडते. बत्तीस वर्षांत थांब म्हणायची वेळच आली नव्हती. ऐनवेळी शब्दच सुचला नाही."

गार्थ काठावरून वाकला. "हरलात ना? मग माझी जागा नक्की समजू?"

लव्हर्नने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "तू गाजर खा."

रिवाजाप्रमाणे जिंकलेल्यांनी हरलेल्यांना पहिला ग्लास पाजला. ऑरेस्टने माझ्याशिवाय तो संपवला.

मार्चमध्ये टाकी रिकामी झाली. त्याने ती भरली नाही. मला पुसून स्वयंपाकघरातल्या ड्रॉवरमध्ये ठेवलं. अडगळीत पडलेल्या वस्तू सहसा तक्रार करतात. मी करणार नाही. ज्या वस्तूची गरज संपणं हेच तिचं यश, अशा थोड्या वस्तूंपैकी मी एक आहे. फक्त एवढं लक्षात ठेवा, मित्रांनो: आकडा खाली आला की टाळ्या वाजवण्याआधी तो कशाचा आहे, ते विचारा. आणि चूक कळली की जुना कागद फाडून त्याच दिवशी नवा चिकटवा.

तेवढं एक काम होतं. ठेवताना ऑरेस्ट मला बंद करायला विसरला. लव्हर्नची कात्री माझ्या बटणावर टेकलीय आणि ड्रॉवर लावला की दर वेळी मी उगाच तापते. मला बंद करायला बटण पाच वेळा भरभर दाबायचं असतं. कोणी दाबेल का?