शेवटी बसणाऱ्या माणसाची वाटी

मी एक जुनी पितळी वाटी आहे. मित्रांनो, माझ्या बुडाखाली एक पोस्टकार्ड कित्येक वर्षं दबून होतं. आमच्या गावाची दाढी-हजामत करणाऱ्या आश्रुबाने ते कुणाकडून तरी लिहून घेतलं होतं. 'माणिकराव, दोष माझ्या एकट्याच्या हाताचा नव्हता एवढं संस्थेच्या फळ्यावर लिहा. मग मी गावात येईन.' त्या पत्राला वेळेवर उत्तर गेलं नाही. का गेलं नाही, हे मला नीट सांगता येईल की नाही, शंकाच आहे. पण पाहिलं तेवढं सांगते.

एका तांबटाने मला ठोकून घडवलं. नेकनूरच्या बाजारात आश्रुबाने मला उचललं, नखाने वाजवून पाहिलं आणि पिशवीत टाकलं. दूध संस्थेच्या दारात एक कडुलिंब होता. सकाळी लोक दूध घालायचे आणि त्या लिंबाखाली दाढीला बसायचे. प्रत्येक माणसाला माझ्यातलं पाणी नवं मिळायचं. "आश्रुबाच्या वाटीत तोंड दिसतं," असं लोक म्हणायचे. तेव्हा मला मोठा अभिमान वाटायचा.

मग दुष्काळ आला. बिंदुसरा नदीचं पात्र कोरडं पडलं. टँकरचं पाणी घागरीने वाटलं जाऊ लागलं. दाढीला एक वाटी मिळायची, आणि ती सगळ्यांना मिळून. त्या वर्षी लोकांनी एक रीत काढली. एकदा केलेली दाढी जास्त दिवस टिकावी, पाणी वाचावं, म्हणून सगळे 'उलटा हात' मागू लागले. म्हणजे केस ज्या बाजूला झुकतात त्याच्या विरुद्ध, खालून वर वस्तरा.

संस्थेचे सचिव माणिकराव नेहमी शेवटी बसायचे. ते पुस्तकात डोकं घालून राहणारे, लाजाळू गृहस्थ. त्यांना गर्दीत पुढे जाणं जमत नसे.

"माणिकराव, तुमी कावून मागं ऱ्हाता? या की पुढं!" आश्रुबा म्हणायचा.

"होऊ द्या सगळ्यांचं. मला घाई नाही."

त्यांची पाळी येईपर्यंत माझ्यातलं पाणी राखेच्या रंगाचं झालेलं असे. त्यांचे केस कुरळे होते. उलट्या हाताने कापलेले केस आतल्या आत वळायचे. महिन्याभरात त्यांच्या गळ्यावर लाल पुळ्या उठल्या. पुढे त्यांत पू धरला. सायकल दुरुस्त करणारा चाँद मोठ्याने म्हणाला, "अहो माणिकराव, पाऊस न्हाई तर गळ्यावरच बाजरी पेरली का काय?" सगळे हसले. माणिकरावही हसले. घरी जाऊन त्यांनी त्या पुळ्या नखांनी फोडल्या. हळद लावली, चुना लावला. पुळ्या वाढतच गेल्या.

शेवटी ते अंबाजोगाईला मोठ्या दवाखान्यात गेले. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं, की ही केसांच्या मुळांची सूज आहे. काही आठवडे वस्तरा लावू नका. कोमट पाण्यात स्वच्छ फडकं भिजवून शेक घ्या. पुळी फोडू नका. औषध मध्येच सोडू नका. पुढे दाढी केलीत तर केसांच्या दिशेने करा. पातं, वाटी, टॉवेल स्वतःचा ठेवा. ताप आला किंवा सूज पसरली तर लगेच या. आणि त्या म्हणाल्या, "हा आजार अधूनमधून परत येईल. परत आला म्हणजे उपचार वाया गेला असं समजू नका."

गावात आल्यावर लोकांनी विचारलं. लोकांसमोर माणिकरावांच्या तोंडून एकापेक्षा जास्त वाक्यं निघत नसत. ते एवढंच म्हणाले, "वस्तरा बंद सांगितलाय."

एवढं एक वाक्य पुरलं. आश्रुबाच्या वस्तऱ्यात विष आहे, असं संध्याकाळपर्यंत झालं. लिंबाखाली कुणी बसेना. लोक दाढीला नेकनूरला जाऊ लागले.

आश्रुबाला मात्र माणिकरावांनी घरात बसवून सगळं खरं सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी तो मला घेऊन आला.

"ही घ्या. उकळून आणलीया. आता ही तुमची एकट्याची."

"आणि तुम्हाला?"

"माझ्यापुढं आता बसतंय कोण? तुमी फळ्यावर खरं लिवा म्हंजी झालं."

"लिहितो. गळा जरा साफ होऊ द्या. साफ गळा पाहिला की लोकांना पटेल."

त्यांना ते मनापासून खरं वाटत होतं. आश्रुबा आणि त्याची बायको सिंधुबाई ऊसतोडीला पश्चिमेकडे गेले. तिकडून ते पोस्टकार्ड आलं. माणिकरावांनी ते माझ्याखाली ठेवलं.

मी रोज त्यांना शेक दिला. गळा निवळायचा. ते शाई-दौत काढायचे. मग ऊन तापायचं, घामाने कॉलर घासायची, आणि दोन पुळ्या परत उठायच्या. दौत परत फडताळात जायची. डॉक्टरीणबाईंचं बोलणं ते औषधापुरतं पाळत होते. पत्रापुरतं मात्र ते पूर्ण बरं होण्याची वाट पाहत राहिले. अशी वर्षं गेली. लिंबाखाली शेळ्या बसू लागल्या.

एका दुपारी सिंधुबाई दारात उभी राहिली. कपाळ मोकळं होतं.

"तिकडंच तापानं गेले," ती म्हणाली. "कोयत्यानं हात फाटलेले, तरी आरशाम्होरं बसून म्हनायचे, माजा हात चांगला हाय ना गं? कावून न्हाई लिवलं, माणिकराव?"

"पुरता बरा व्हायची वाट पाहत होतो."

"लई चांगलं," ती म्हणाली. "त्ये बी वाटच बघत गेले."

मग तिची नजर माझ्याकडे गेली. तिने मला हातात घेतलं, नखाने वाजवलं. माणिकराव कसेबसे म्हणाले, "घेऊन जा. तुमचीच आहे."

"नगं. गळ्यावर पुळी दिसतीया. शेक घ्या." ती उठली. उंबऱ्यात थांबून म्हणाली, "आता तरी लिवा. पाली गावात माज्या भावाच्या घरी धाडा. पर माज्या नावानं नगं, त्येंच्या नावानं धाडा. पोस्टमन गल्लीत त्येंचं नाव घिऊन हाक मारंल."

मित्रांनो, मी साधी वाटी आहे, मोठा उपदेश मला शोभत नाही. आपली वाटी, आपलं पातं, आपलं फडकं वेगळं ठेवा. आणि काही दुखणी सोबत घेऊनच जगायचं असतं. ती संपल्यावर करू म्हणून दुसऱ्याचं काम अडवू नका.

माणिकरावांनी त्याच संध्याकाळी पोस्टकार्ड लिहिलं. लिहिताना ते पुटपुटत होते, म्हणून मला ऐकू आलं:

'आश्रुबा, पाणी थोडं होतं आणि मी शेवटी बसत होतो. उलटा हात मीच मागत होतो. पुळ्या मीच फोडल्या. तुमचा हात चांगला होता. माझा गळा अजून बरा नाही. तरी लिहितो आहे.'

सकाळी हेच शब्द त्यांनी संस्थेच्या फळ्यावर खडूने उतरवले. चाँदने सायकल थांबवून ते शेवटपर्यंत वाचलं. मग माणिकराव फळ्याशेजारच्या लाल पेटीकडे गेले. संस्थेसमोरच्या त्यांच्या घराच्या खिडकीतून मला त्यांची पाठ दिसत होती. गळ्यावर सकाळी शेक देताना पाहिलेल्या दोन ताज्या पुळ्या होत्या. त्यांनी कार्ड आत सोडलं.