गॅरेजमधली ओल

ओल पहिल्यांदा दिसली ती एका शब्दकोशाच्या पानांवर. १९६७ची दिवाळी होऊन आठवडा झाला असेल. कचेरीतून निवृत्त झाल्यावर माझी पुस्तकं घरात मावेनात, म्हणून मी ती गॅरेजच्या मागच्या भिंतीशी विटांवर फळ्या टाकून लावली होती. खालच्या फळीवरचा कोश उचलला, तर त्याची तळाकडची पानं एकमेकांना चिकटलेली. फरशीवर तळवा टेकवला. तो ओला झाला.

गॅरेज म्हणजे आमच्या भोरच्या घराला लागून सर्जेरावानं स्वतः उभी केलेली पत्र्याची खोली. सर्जेराव आमचा एकुलता एक मुलगा. भोर ते महाड टॅक्सी चालवायचा. गाडी जुनी, लांब नाकाची, रेडिएटरचं झाकण बाहेरच नाकाच्या शेंड्यावर असलेली. आदल्या वर्षीच्या मे महिन्यात वरंध घाटात गाडी तापली आणि तिच्यातलं पाणी उकळून संपलं. उतारूंना सावलीला बसवून तो डबा घेऊन खाली ओढ्याकडे उतरला. तिथं त्याचा पाय घसरला. गाडीला ओरखडासुद्धा नव्हता. त्याचा दोस्त कुंडलिक मिस्त्री, जो मोटारींचीही कामं करायचा आणि नळांचीही, त्यानं ती दोर बांधून घरी आणली. तेव्हापासून ती नाक भिंतीकडे करून ताडपत्रीखाली उभी होती.

माझी बायको कमळाबाई त्यानंतर दीड वर्ष धड जेवली नाही. बोलायची नाही. त्या दिवाळीपासून मात्र काय झालं कोण जाणे, ती पहाटे उठून नळाचं पाणी भरू लागली, दोन भाकरी खाऊ लागली, मला टोमणे मारू लागली. तिचा पहिला टोमणा ऐकून मी बाहेर ओट्यावर जाऊन डोळे पुसले होते. आता मला एवढंच हवं होतं की हे मोडू नये. ती गॅरेजात जाते असं मला कधी दिसलं नव्हतं. गळतीसाठी माणसं आली, ठोकठाक झाली, ताडपत्री निघाली आणि तिला गाडी दिसली, तर ती पुन्हा भिंतीकडे तोंड करून बसेल, या भीतीनं मी दोन महिने काहीच केलं नाही. फक्त पुस्तकं एकेक फळी वर चढवत राहिलो. निर्णय न घेणं हा माझा जुना गुण आहे.

शेवटी ती बाजारात गेलेली पाहून कुंडलिकला बोलावलं. तो विहाराजवळ राहायचा. सर्जेराव गेल्यापासून गॅरेजच्या दारात आला की तो आधी चप्पल काढायचा, तशी त्यानं आताही काढली.

पत्र्यातून पाणी येण्याचा प्रश्न नव्हता, पौष चालू होता. मागच्या भिंतीतून न्हाणीकडे नळाची नळी गेली होती, तिच्यावर आमचा संशय. कुंडलिकनं भिंत टोकरली, सांधा उघडला, सुतळीला सफेदा लावून गुंडाळली आणि पान्यानं आवळला. तिसऱ्या दिवशी फरशी पुन्हा ओली. मग रात्रभर मुख्य कॉक बंद ठेवून पाहिला. सकाळी ओल होतीच. मग त्यानं भिंतीच्या बाहेरून गुडघाभर खड्डा खणला. माती भुगाभुगा कोरडी निघाली.

खड्ड्यात उभं राहून तो म्हणाला, "तात्या, पाणी वरनं न्हाई, खालनं न्हाई, बाजूनं न्हाई. म्हंजी तुमच्या पुस्तकातनंच पाझरतंय."

"गाडीतून?"

"गाडीत थेंब न्हवता. म्याच आणली न्हवं का?" तो खड्ड्यातून वर आला आणि पायानं माती आत लोटू लागला.

पाणी कुठून निघतं ते पाहायला मला एक युक्ती सुचली. चुलीतली राख बारीक चाळून फरशीभर पातळ पसरायची. जिथं राख आधी काळी पडेल तिथं उगम. संध्याकाळी मी कमळाबाईची पिठाची चाळणी गुपचूप उचलली, राख चाळली आणि दारापासून भिंतीपर्यंत पसरली. पसरताना मला दुसरं काही आठवलं नाही, हे खरं वाटणार नाही. पण माझं असंच होतं, हातातल्या गोष्टीपलीकडे दिसत नाही.

सकाळी ऊन वर आल्यावर दार उघडलं. राखेत पावलं होती.

अनवाणी, लहान पावलं. दारातून सरळ गाडीच्या नाकापर्यंत गेलेली. तिथं दोन्ही पावलं जवळजवळ टेकलेली, जणू कुणी बराच वेळ उभं राहिलं होतं. मी चौकटीला धरलं. भुताखेतांवर माझा विश्वास नाही, असं मी चारचौघांत सांगतो. त्या क्षणी माझ्या तोंडून "सर्जेराव" असं निघालं. मोठ्यानं निघालं.

मग डावं पाऊल नीट पाहिलं. करंगळी बाकीच्या बोटांपासून फटकून उमटली होती. चाळीस वर्षांपूर्वी, लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी, उकळत्या पाण्याचं पातेलं पडून कमळाबाईची ती करंगळी तशी झाली होती.

ताडपत्री वर केली. रेडिएटरचं झाकण ओलं होतं. खाली राखेत थेंबांनी खळगे पाडले होते आणि तिथून एक काळी रेघ वळत माझ्या फळ्यांपर्यंत आली होती. ती रोज पहाटे गाडीत पाणी भरत होती, आणि गाडी ते दिवसभर गाळत होती.

मी स्वयंपाकघरात गेलो. ती चाळणी उन्हाकडे धरून पाहत होती.

"माज्या चाळणीला राख कुणी लावली?"

तिनं आपला तळपाय वळवून पाहिला. तोही राखाडी. तिला मोतीबिंदू होता, पहाटेच्या अंधारात खालची राख दिसली नसणार. ती हळूच खाली बसली.

"तुमीबी बघताय व्हय?"

तेव्हा मला उमगलं मी काय केलं होतं. आमच्याकडे माणूस गेलं की दहाव्या रात्री अशीच राख चाळून पसरतात, वर दिवा ठेवून टोपली झाकतात आणि सकाळी कुणाचं पाऊल उमटलं ते पाहतात. माणसाचं, पाखराचं, मुंगीचं. गेलेला कुठल्या जन्माला गेला ते त्यावरून ठरवतात. सर्जेरावाच्या वेळी राख जशीच्या तशी राहिली होती. तिच्यावर काहीच उमटलं नव्हतं.

"कसलं पाऊल उमटलं?" तिनं विचारलं. मला आठवतं तेव्हापासून इतक्या आशेनं तिनं मला काही विचारलं नव्हतं.

"नीट कळलं नाही," मी म्हणालो.

"जल्मभर कचेरीतली कागदं वाचली, आन् येक पाऊल वाचता येईना!" ती म्हणाली, पण चिडून नाही. उठून तिनं चाळणी विसळली. तू तिथं पाणी का घालतेस, हे मी विचारायला हवं होतं. विचारलं नाही. मनाशीच धरून चाललो की गेलेल्या माणसापुढं पाणी ठेवतात, तसंच हे असेल. ठेवू दे, तिला बरं वाटतं. फक्त गळती बंद केली की पुस्तकंही वाचतील.

पुढल्या आठवड्यात ती बहिणीच्या, अक्काबाईच्या नातवाच्या बारशाला कामथडीला गेली. पहाटे गाडीत पाणी भरून, पहिल्या एस्टीनं. मी लगेच कुंडलिकला बोलावून सगळं सांगितलं. तो गाडीच्या नाकाशी बराच वेळ उकिडवा बसून राहिला.

"घाटात कोरडी तापली तवा हिच्या सांध्यावरचं कथलाचं डाग सुटलं असणार," तो म्हणाला. "डाग देऊन टाकतो. पर काकीला इचारलंत का?"

"तिला कशाला विचारायचं?"

"न्हाई, पाणी त्या भरत्यात म्हणून म्हनलं."

मी हसून विषय टाळला. दुपारपर्यंत त्यानं रेडिएटर उतरवून कथलाचे डाग दिले, पुन्हा चढवला आणि पाणी भरून दाखवलं. खाली वर्तमानपत्र अंथरलं. तासाभरानं उचललं तर ते कडकडीत कोरडं. संध्याकाळी कमळाबाई परतली, अक्काबाईच्या सुनेच्या हातच्या लाडवांना नावं ठेवत. त्या दिवशी मी स्वतःवर खूष होतो. असे दिवस माझ्या आयुष्यात थोडे.

दुसऱ्या दिवशी सकाळी चूल पेटली नव्हती. कमळाबाई न्हाणीच्या उंबऱ्यावर बसली होती, शेजारी भरलेली घागर. मला वाटलं, कंबर धरली असेल. तिसऱ्या दिवशीही तेच. भाकरी केली नाही, केसांना तेल नाही. चौथ्या दिवशी ती भिंतीकडे तोंड करून निजली.

मी पाठीमागं बसून म्हणालो, "काय होतंय तुला?"

ती न वळताच बोलली. "त्यो जात न्हाई आता."

"कोण?"

"दिवाळीत सपनात आला हुता. म्हणाला, आये, गाडीत पाणी न्हाई. तवापासनं म्या रोज भरती. रोज सकाळी बघावं तर रिकामं. म्हंजी रोज गाडी नेतोय, फिरतोय, ठेवून जातोय. पाणी असलं की त्याला वढ्यावर उतराया नगं." ती भिंतीशीच बोलत होती. "तीन दिस झालं. पाणी तसंच हाये, पार काठोकाठ. आता कुठं आसंल त्यो? चालत गेला आसंल का?"

मी तोंड उघडलं. डाग सुटले होते, कुंडलिकनं बुजवले, एवढं सांगायचं होतं. एक साधं वाक्य. ते माझ्या ओठांवर आलं आणि तिथंच थांबलं. ती जेवायला लागली होती ते त्या फुटक्या रेडिएटरमुळे. आणि मी तो दुरुस्त करून बसलो होतो.

दुपारी ती पडलेली असताना मी बादली घेऊन गॅरेजात गेलो. रेडिएटरच्या तळाला पाणी सोडायची पितळी तोटी असते, ती कुंडलिकनं मला दाखवली होती. ती फिरवली. तांबूस पाणी बादलीत पडलं. ते परसातल्या लिंबाच्या बुडाशी ओतलं, तोटी आवळली, घरात परतताना दोनदा ठेचकाळलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी चुलीचा धूर आला. ताटात भाकरी आली. "जरा चावून खा," ती म्हणाली, "पुस्तकं गिळताय तशी गिळू नगा."

तेव्हापासून मी रोज दुपारी तोटी सोडत आलो. दोन वर्षं, तीन वर्षं. गावाला जायचं टाळलं. कुणी विचारलं तर गुडघे दुखतात म्हणायचो. चूक दुरुस्त करता येत नसेल तर निदान रोज सांभाळावी, अशी माझी समजूत. ती बरोबर होती का, मला अजून सांगता येत नाही.

एकाहत्तर सालच्या श्रावणात मला ताप आला. चार दिवस मी शुद्धीत नव्हतो. पाचव्या दिवशी डोळे उघडले. कमळाबाई पेजेची वाटी घेऊन बसली होती. चेहरा नेहमीसारखा.

"गाडीत... पाणी?" मी विचारलं.

"भरती की रोज. तुमाला त्याचं काय? पेज प्या."

म्हणजे ते रोज रिकामं होत होतं. हातपाय चालू लागल्यावर पहिल्यांदा मी भिंतीला धरत गॅरेजात गेलो. डाग शाबूत. तोटी घट्ट. फरशी कोरडी. कुंडलिकला गाठलं. तो म्हणाला, "म्या कशाला येऊ, तात्या? तुमी आजारी हे आज कळतंय. म्या साताऱ्याला हुतो."

मग पाणी कुणी नेलं?

पंधरा दिवस हा प्रश्न घेऊन मी जेवलो, झोपलो. ताडपत्रीकडे पाठ करून पुस्तक वाचता येईना. ड्रायव्हरच्या जागेवरची ताडपत्री थोडी दबलेली आहे असं वाटायचं, आणि हात लावून पाहायचं धाडस नव्हतं. शेवटी ठरवलं, एक दिवस तोटी सोडायचीच नाही. पाणी राहिलं तर राहिलं. गेलं तर... गेलं तर काय, ते मी ठरवलं नाही.

त्या दुपारी गेलो नाही. संध्याकाळीही नाही. पण पहाटे कोंबडं आरवलं आणि मला तिची ती भिंतीकडे वळलेली पाठ दिसली. तशीच दिसली, समोर. मी उठलो, बादली घेतली आणि धावतच गॅरेजात गेलो. वाकून तोटी फिरवली. पाणी आलं. सगळं होतं तसं होतं, कुणी नेलं नव्हतं. बरं वाटलं की वाईट, कळेना. मी तसाच वाकून रडत होतो, आणि मागून आवाज आला.

"होऊ द्या सगळं रिकामं. मग भरती."

कमळाबाई दारात उभी होती, कमरेवर घागर.

"तुला माहीत होतं?" मी सरळ होत विचारलं.

"लिंबाच्या बुडात रोज तांबडं पाणी. लिंबाला काय गंज चढतो व्हय? डोळ्यात मोतीबिंदू हाये, डोक्यात न्हाई."

"आणि मी तापात होतो तेव्हा?"

"म्याच सोडत हुते. तोटी लई आवळून ठेवता तुमी. आंगठा सुजला हुता माजा."

बादलीत शेवटचे थेंब पडत होते. मी विचारलं, "मग सगळं माहीत असून भरतेस कशाला?"

तिनं घागर खाली ठेवली. पदरानं झाकण पुसलं.

"आन् येखाद्या दिशी आलाच, गाडी काढली, तर?" ती म्हणाली. "पुन्हा त्या वढ्यावर उतरू द्यायचं का त्याला?"

मी तोटी बंद केली. ताडपत्री मागं सारली आणि झाकण फिरवून काढलं. तिनं घागर उचलली. ती जड होती. मी खालून हात लावला.